मदत हवी आहे: पोटाच्या तक्रारींसाठी आहारतज्ज्ञ आणि निसर्गोपचारतज्ज्ञ (सिंधुदुर्ग)

नमस्कार मंडळी,

धागा मिस्टरांसाठी काढतेय, त्यांना विचारूनच. वय ४८, देवगड तालुक्यात आमची आंब्याची बाग आहे.

तक्रार अशी. सकाळी पोट साफ होतं, पण तेवढ्यावर भागत नाही. चहा घेतला की पुन्हा, नाश्ता झाला की पुन्हा. दुपारी जेवल्यावर पोट तट्ट फुगतं आणि गुडगुड अशी की शेजारी बसलेल्याला ऐकू जावी. मधूनच बेंबीखाली मुरडा येतो, जाऊन आलं की थांबतो. रक्त नाही, ताप नाही, रात्री झोपमोड करून जावं लागत नाही. वजन थोडं उतरलंय, पण भात बंद केल्यानंतर, त्यामुळे ते नक्की कशाचं हे कळत नाही.

गॅसचा त्रास पूर्वीही होताच, पण यंदा आंबा काढणीच्या सुमारास सगळंच वाढलं. कणकवलीच्या डॉक्टरांनी रक्त, थायरॉईड, शौच आणि सोनोग्राफी केली. काही निघालं नाही. मग घाट चढून कोल्हापूरला पोटविकारतज्ज्ञांकडे एंडोस्कोपी. जठराला किंचित सूज, बाकी ठीक. निदान आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासणीत काही न सापडता आतड्याचं काम बिघडणं). "जिवाला धोका नाही, जेवण सांभाळा, टेन्शन घेऊ नका." हापूसच्या बागायतदाराला टेन्शन घेऊ नका म्हणणारा माणूस घाटावरचाच असणार! असो. डॉक्टर भले आहेत, पण 'जेवण सांभाळा' म्हणजे काय करायचं हे विचारायला वेळ मिळाला नाही. बाहेर रांग होती.

त्या दिवशीचा प्रवास मात्र आठवतो. आदल्या रात्रीपासून त्यांनी काही खाल्लं नाही. फोंडाघाट लागायच्या आधी एका हॉटेलात गाडी थांबवली, मी चहा घेतला, ते नुसते आत जाऊन आले. वर चढल्यावर पुन्हा तेच. ड्रायव्हरने आरशातून एकदा पाहिलं आणि पुढे न विचारता दर पेट्रोल पंपावर वेग कमी करत गेला. हल्ली लग्नाकार्याला जायचं म्हटलं तरी ते काहीतरी निमित्त काढतात.

सध्याची औषधं: मधुमेह आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन. आधी ५०० ची दिवसातून दोनदा होती, शिमग्यानंतर १००० ची दोनदा केली. सकाळी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम. पॅन्टोप्राझोल रोज, मुरड्याची गोळी लागेल तशी.

आता खरी अडचण. माझ्या फ्रिजवर दोन कागद लावलेत आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही.

पहिला मुंबईच्या एका ऑनलाइन आहारतज्ज्ञ बाईंचा. तीन महिन्यांचं पॅकेज होतं. सकाळी दुधातले ओट्स आणि जवस, दुपारी मिश्र पिठाच्या दोन पोळ्या, वाटीभर कच्ची कोशिंबीर, मोड आलेली कडधान्यं, रात्री सूप. भात पूर्ण बंद. साखर उतरली हे खरं, पण पोट आणखी बिघडलं. तसं कळवलं तर उत्तर आलं की शरीराला फायबरची सवय व्हायला वेळ लागतो. आमच्याकडे काय पिकतं, काय शिजतं हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. पेज म्हणजे काय हे मला समजावून सांगावं लागलं.

दुसरा एका निसर्गोपचार केंद्रातला. तिथे चार दिवस ठेवलं होतं. पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान, एनिमा. खरं सांगायचं तर त्यांना तिथे बरं वाटलं, झोपही चांगली लागली. पण घरी येताना दिलेल्या कागदावर लिहिलंय: गहू बंद, दूध बंद, मासे बंद, मीठ नावापुरतं, सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस, आठवड्यातून एक दिवस फक्त रसांवर उपवास आणि गरज वाटेल तेव्हा घरी एनिमा. मधुमेहाच्या गोळ्यांचं काय, असं विचारलं तर म्हणाले, हळूहळू सुटतील.

म्हणजे एकाला पोळी हवी, दुसऱ्याला नको. एकाला ओट्सवर दूध, दुसऱ्याला दूध म्हणजे विष. मधल्या मधे सासूबाई: "गप पेज खा, सगळा बरा होतला." आणि खरंच, ज्या दिवशी ते चोरून उकड्या तांदळाची पेज आणि सुका बांगडा खातात, त्या दिवशी पोट शांत असतं. मग साखर वाढेल म्हणून धाकधूक.

त्यात आता श्रावण. जून-जुलैची मासेमारीबंदी संपली तरी आमच्याकडे महिनाभर मासे नाहीत. काळ्या वाटाण्याचं सांबार, चवळी, मूग, रात्री कुळथाची पिठी. म्हणजे रोज पोटात दाणागोटाच. पुढे गणपती, घर पाहुण्यांनी भरणार. त्याआधी काहीतरी मार्गी लागावं असं वाटतं.

तर जाणकारांना विचारायचंय. कोकणी ताट समोर ठेवून मधुमेह आणि आयबीएस दोन्ही एकत्र बघणारा आहारतज्ज्ञ कुणाच्या माहितीत आहे का? व्हिडिओवर चालेल, मराठी बोलणारा असला तर उत्तम, म्हणजे मिस्टर स्वतः बोलतील. पॅकेजवाला नको. निसर्गोपचाराचा थोडा उपयोग झालाय म्हणून तो पूर्ण सोडवत नाही, पण चालू गोळ्यांना हात न लावता काम करणारं कुणी असतं का? आणि पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात मधुमेहाच्या माणसाला घेऊन कुणी राहून आलंय का?

"सगळं मनावर असतं" हे सांगायला कृपया लिहू नका. ते घरी मिळतं.

— देवगडची सून

* * *

सड्यावरचा:
कोमट पाणी आणि चमचाभर गावठी तूप. बाकी सगळा धंदा आहे.

औषधवाला:
तूप राहू दे. ताई, तुमच्या पोस्टमधल्या दोन ओळी एकमेकींशेजारी ठेवून बघा. शिमग्यानंतर मेटफॉर्मिन दुप्पट, आणि आंबा काढणीच्या सुमारास त्रास वाढला. जुलाब, पोट फुगणं, गुडगुड हे मेटफॉर्मिनचे अगदी नेहमीचे दुष्परिणाम आहेत, विशेषतः डोस वाढवल्यावर. पाकिटावर नावापुढे एसआर किंवा एक्सआर लिहिलंय का बघा. नसेल तर ती साधी गोळी. सावकाश विरघळणारी बऱ्याच जणांना सोसते. पण बदल डॉक्टरांनीच करायचा, स्वतःहून बंद करू नका. आणि ती दीर्घकाळ घेतली की बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, पॅन्टोप्राझोलनेही होतं, तेव्हा तीही तपासणी विचारा.

दुसरं, रसांवरचा उपवास. ग्लिमेपिराइड घेऊन जेवण टाळलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ, प्रसंगी बेशुद्धी. उपवास करायचाच असेल तर त्या दिवशी गोळीचं काय करायचं हे आधी डॉक्टरांना विचारा. बागेत एकटे असताना तर नकोच.

तिसरं, दुधी. रस काढण्याआधी तुकडा जिभेला लावून बघायचा, किंचित कडू लागला तरी फेकून द्यायचा. कडू दुधीतल्या द्रव्यांनी उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूही झालेले आहेत, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीने त्याबद्दल इशाराही दिला होता. शिजवून भाजी खा, कशाला रस?

रक्त पडलं, रात्री उठावं लागलं, हिमोग्लोबिन उतरलं किंवा वजन असंच घसरत राहिलं, तर गणपतीची वाट न बघता परत पोटविकारतज्ज्ञांकडे. कोल्हापूर जड जात असेल तर सिंधुदुर्गातले बरेच जण बांबोळीला गोव्याच्या मेडिकल कॉलेजात जातात.

कोकमकळी (रत्नागिरी):
मी स्वतः आयबीएसवाली, शिवाय आहारशास्त्र शिकलेली, म्हणून जरा लांब लिहिते.

तुमच्या मिस्टरांचं पोट कशाने बिघडतं याचा निम्मा सुगावा तुम्हीच दिलाय. मधुमेह झाला की आपल्याकडे पहिला हुकूम सुटतो, भात सोडा आणि पोळी धरा. पण गव्हात फ्रुक्टान नावाची साखळी असते, कांदा-लसणात ती आणखी जास्त, कडधान्यांत तिची चुलत बहीण. लहान आतड्यात ही नीट पचत नाहीत, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात, पाणी ओढतात, गॅस करतात. निरोगी माणसाला एवढं जाणवत नाही, आयबीएसवाल्याला जाणवतं. ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठाने यावरच लो-फॉडमॅप (म्हणजे अशी आंबणारी कर्बोदकं कमी असलेला) आहार बसवला. तांदूळ, नाचणी, मासे, अंडी, भेंडी, काकडी, बटाटा यांचा त्यात त्रास नसतो. म्हणजे सासूबाईंची पेज आणि बांगडा अगदीच शास्त्राला धरून आहेत, फक्त मधुमेहामुळे पेजेची वाटी मोजून घ्यायची, सोबत मासा किंवा अंडं आणि भाजी हवीच.

मात्र हा आहार जन्मभराचा नाही, हे लोक विसरतात. दोन ते सहा आठवडे काटेकोर, मग एकेक गट परत आणून बघायचा आणि शेवटी ज्याने त्रास होतो तेवढंच कमी ठेवायचं. हे एकट्याने करू नका, त्यासाठीच आहारतज्ज्ञ हवा. आणि गहू बंद करण्याआधी सीलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी झाली नसेल तर करून घ्या, टीटीजी आयजीए म्हणतात. गहू सोडून काही दिवस गेले की ती खोटीच नकारात्मक येऊ शकते.

स्वयंपाकातलं सांगते, कारण कागदावर हे कुणी लिहीत नाही. फ्रुक्टान पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. म्हणून ठेचलेला लसूण तेलात परतून काढून टाकायचा आणि त्या तेलात फोडणी करायची, वास राहतो. वाटप कांद्याशिवाय नुसत्या खोबऱ्याचं, तेही बेताचं. बांगड्याचं तिखलं तिरफळ आणि कोकमावर होतं, त्याला कांदा लागतोच कुठे? सोलकढीत कच्चा लसूण वाटू नका. काजू आणि पिकलेला आंबा दोन्ही फॉडमॅपच्या यादीत वर आहेत. देवगडात हे सांगायला जीभ रेटत नाही, पण आहे तसं आहे.

श्रावणात कडधान्यं टाळता येणार नाहीत. मग रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं, दुसऱ्या पाण्यात भरपूर शिजवायचं आणि वाटी छोटी घ्यायची. मोड आलेली कच्ची तर मुळीच नको. फायबर हवंच असेल तर जवसाऐवजी इसबगोल, अर्ध्या चमच्यापासून, भरपूर पाण्याबरोबर.

आहारतज्ज्ञ निवडताना नावापुढे आरडी आहे का बघा, म्हणजे इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणी. पहिल्या भेटीत ज्याने गोळ्यांची यादी आणि आठवड्याची खाद्यडायरी मागितली नाही, त्याला पैसे देऊ नका. माझ्या ओळखीच्या एक आहेत, मूळच्या वेंगुर्ल्याच्या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

ओटीवरून:
उरुळी कांचनला माझे वडील राहून आलेत, त्यांनाही मधुमेह. आश्रम १९४६ साली गांधीजींनी सुरू केलेला, राहणी साधी, जेवण बिनतेलाचं. जाताना सगळे रिपोर्ट आणि गोळ्या घेऊन गेलो, तिथल्या डॉक्टरांना दाखवल्या, साखर रोज तपासली. वडिलांना फरक पडला, पण घरी आल्यावर दोनेक महिन्यांत गाडी पूर्वपदावर, कारण घरी पहाटे कोण उठवतंय!

निसर्गोपचारात शिक्षण विचारत जा. बीएनवायएस ही निसर्गोपचार आणि योगाची साडेपाच वर्षांची पदवी आहे, इंटर्नशिपसकट. पण २०२० च्या ज्या कायद्याने आयुर्वेदासाठी राष्ट्रीय आयोग आला, त्यात निसर्गोपचार घेतलेला नाही. त्यामुळे पाटी कुणीही लावतं. पुण्याला ताडीवाला रोडवर राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे, बापू भवन, सरकारी आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. घरी वारंवार एनिमा मात्र नको.

* * *

देवगडची सून:
सगळ्यांचे मनापासून आभार. सड्यावरच्यांचेही, तूप चालूच आहे.

औषधवाले दादा, पाकीट बघितलं. एसआर लिहिलेलं नाही, साधीच गोळी. कणकवलीच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ऐकून घेतलं आणि सावकाश विरघळणारी लिहून दिली, सुरुवातीला कमी डोसवर. साखर घरी मोजून वहीत लिहायची आहे. बी-१२ आणि टीटीजी दोन्ही सांगितलंय. गहू अजून सुरू आहे, तेव्हा तपासणी होईपर्यंत तशीच एक पोळी चालू ठेवते. रसांचा उपवास आणि एनिमा बंद. मातीची पट्टी ठेवलीय, त्यांना आवडते.

कोकमकळी ताई, व्यनि मिळाला, बाईंशी बोलणंही झालं. पहिलाच प्रश्न, "तुमच्याकडे वाटप भाजून करता की कच्चं?" मिस्टर बाजूला बसले होते, त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि पुढचा अर्धा तास तेच बोलत होते. डायरी लिहायला सुरुवात केलीय.

एक शंका राहिली. गणपतीत पाच दिवस नैवेद्याचं जेवण, कांदा-लसूण नाहीच, पण काळे वाटाणे, वालाचं बिरडं आणि उकडीचे मोदक आहेत. उकड तांदळाची, म्हणून पोटाला बाधणार नाही, पण गुळामुळे साखरेचं काय? एका वेळी किती मोदक चालतील, आणि वालाऐवजी नैवेद्याला काय करता येईल? मी अळूच्या फदफद्याचा विचार करतेय, पण त्यात शेंगदाणे घालू की हरभऱ्याची डाळ?