टोमॅटोचा वाण बदलावा की लागवडीची पद्धत?

शिवारफेरी यांचा प्रश्न:

नमस्कार. माझी चार एकरांवर टोमॅटोची व्यावसायिक लागवड असून गादीवाफे, काळा मल्चिंग पेपर आणि ठिबक अशी व्यवस्था आहे. सध्याचा संकरित वाण मर्यादित वाढीचा, म्हणजे ठरावीक उंचीवर वाढ थांबणाऱ्या झाडांचा आहे. फळ टणक असल्यामुळे तो लांबच्या वाहतुकीत चांगला टिकतो आणि खरेदीदारही समाधानी आहे. मात्र उष्ण हंगामातील लागवडीत तीन तक्रारी आहेत. पहिली म्हणजे फूलगळ फार होते. दुसरी म्हणजे शेंड्याकडील पाने वळून बारीक राहतात. आणि तिसरी म्हणजे काही ओळींतील झाडे दुपारी माना टाकतात व संध्याकाळी पुन्हा सावरतात. तिसऱ्या तक्रारीचे मला विशेष कोडे वाटते, कारण अशी झाडे उपटल्यावर मुळांवर गाठी दिसतात आणि बियाण्याच्या पाकिटावर तर वाण सूत्रकृमींना (मुळांत शिरणाऱ्या मातीतील सूक्ष्म कृमींना) प्रतिकारक असल्याचे छापलेले आहे.

माहितीपत्रकांतील प्रत्येक वाणाची सुरुवात एकरी उत्पन्नाच्या आकड्याने होते, त्यामुळे तुलना कशाच्या आधारावर करावी हे समजत नाही. तारेवर चढवायचा अमर्यादित वाढीचा वाण घ्यावा, असाही सल्ला मिळतो. अशा परिस्थितीत वाण बदलणे योग्य ठरेल, की दोष लागवडीच्या पद्धतीत शोधावा?

नांगरट यांचे उत्तर:

आपल्या तीन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांपैकी एकीचे मूळ वाण व पद्धत यांच्या न जुळण्यात असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून मी तिसऱ्या तक्रारीपासून सुरुवात करतो.

टोमॅटोच्या बहुतेक प्रतिकारक वाणांत गाठी करणाऱ्या सूत्रकृमींविरुद्धचे एकच जनुक असते. ते ‘एमआय’ या नावाने ओळखले जाते आणि टोमॅटोच्या एका रानटी भाईबंदाकडून संकराने आलेले आहे. त्याचा एक स्वभाव माहितीपत्रकात सहसा छापत नाहीत: मातीचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याचा प्रभाव ओसरू लागतो. उष्ण हंगामात काळ्या मल्चिंग पेपरखालची माती हा टप्पा सहज ओलांडते. म्हणजे पाकिटावरचा मजकूर खोटा नसतानाही आपल्या वाफ्यात तो लागू पडत नसावा. मातीचा तापमापक पेपरखाली दहा सेंटिमीटर खोल खोचून भर दुपारी आणि सूर्यास्तानंतर अशा दोन वेळच्या नोंदी घ्या. तापमान जास्त आढळल्यास याच वाणासाठी पांढरा किंवा चंदेरी पृष्ठभाग असलेला पेपर, अथवा काडाचे आच्छादन वापरून पाहणे हे वाण बदलण्याच्या आधीचे पाऊल आहे.

मात्र दुपारी माना टाकणारे प्रत्येक झाड सूत्रकृमींचेच असते असे मानू नये. जिवाणूजन्य मर रोगाची सुरुवातही नेमकी अशीच दिसते. मरगळलेल्या झाडाचे खोड जमिनीलगत कापावे, त्याचा बोटभर तुकडा घ्यावा आणि काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात त्याचे टोक बुडेल असा स्थिर धरावा. रोग जिवाणूजन्य असेल तर काही मिनिटांतच कापलेल्या भागातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसतात. फ्युजेरियम बुरशीच्या मर रोगात असे धागे येत नाहीत. तिथे खोड उभे चिरल्यावर सालीखालच्या वाहिन्या तपकिरी दिसतात आणि पाने अनेकदा झाडाच्या एकाच बाजूने पिवळी पडतात. या दोन रोगांसाठी प्रतिकारक जनुके वेगळी आहेत, म्हणून निदान न करता ‘मर रोगाला प्रतिकारक’ एवढ्याच शब्दांवर वाण निवडणे व्यर्थ आहे. फ्युजेरियमच्या तीन जाती ज्ञात आहेत आणि पहिल्या दोन जातींना दाद न देणारा वाण तिसरीला बळी पडू शकतो. पाकिटावरील संक्षेपांमध्ये ‘एचआर’ म्हणजे उच्च प्रतिकार आणि ‘आयआर’ म्हणजे मध्यम प्रतिकार. मध्यम प्रतिकाराच्या वाणावर रोगाचा दाब वाढल्यास लक्षणे दिसणारच, हे विक्रेत्याने सांगितले नाही तरी आपण गृहीत धरावे.

फूलगळीबाबत थोडक्यात लिहितो. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या आसपास आणि रात्रीचे २१-२२ अंशांच्या वर सतत राहिले की परागकणांची जीवनक्षमता घटते आणि फुले फळ न धरता गळतात. रात्रीच्या उकाड्याकडे दुर्लक्ष होते, पण नुकसान त्यातही बरेच असते. उष्णतेत फळधारणा करणारे वाण उपलब्ध आहेत आणि या एका तक्रारीसाठी वाण बदलण्याचा विचार मला रास्त वाटतो. लागवडीची तारीख पुढे-मागे करून फुलोरा अतिउष्ण आठवड्यांतून बाहेर काढता येत असेल, तर तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

रोपांचा ट्रे यांचे उत्तर:

पाने वळण्याच्या तक्रारीबद्दल रोपवाटिकेच्या बाजूने भर घालतो. शेंड्याची पाने वाटीसारखी वर वळलेली, बारीक आणि कडेने पिवळसर असतील, तर तो पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा पर्णगुच्छ विषाणू असण्याचा संभव अधिक. फक्त खालची, जुनी पाने वळली असून ती हिरवी व जाडसर असतील, तर ते बहुतेक वेळा उष्णतेचे, छाटणीचे किंवा पाण्याच्या ताणाचे लक्षण असते आणि त्यासाठी वाण बदलण्याचे कारण नाही.

विषाणूच असेल तर त्याला प्रतिकार देणारी ‘टीवाय’ गटातील जनुके असलेले वाण पाहावेत. परंतु पर्णगुच्छ हा एकच विषाणू नसून विषाणूंचा मोठा गट आहे; ‘टीवाय-२’ हे एकटे जनुक एका भागात उत्तम चालते आणि दुसऱ्या भागात निष्प्रभ ठरते. त्यामुळे आपल्याच हवामानात, आपल्याच हंगामात तो वाण उभा असलेला पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. शिवाय प्रतिकारक झाडातही विषाणू वाढतो, फक्त लक्षणे सौम्य असतात, म्हणून बारीक जाळीतील रोपवाटिका आणि पांढऱ्या माशीचे नियंत्रण यांना सुट्टी मिळत नाही. संसर्ग जितक्या लहान वयात होतो तितके नुकसान मोठे असते. नांगरट यांनी सुचवलेल्या चंदेरी पेपरचा इथे दुसरा लाभ आहे: त्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशामुळे पांढरी माशी रोपांवर कमी उतरते, अर्थात झाडांच्या पसाऱ्याने पेपर झाकला जाईपर्यंतच.

जिवाणूजन्य मर निघाल्यास कलमी रोपांचा विचार करावा. खुंट, म्हणजे कलमाचा मुळांकडचा भाग, प्रतिकारक टोमॅटोचा किंवा वांग्याचा घेतात आणि पाणी साचणाऱ्या जमिनीत वांग्याचा खुंट अधिक तग धरतो. लावताना कलमाचा जोड मातीच्या वर राहिलाच पाहिजे. जोड गाडला गेला की वरच्या वाणाला स्वतःची मुळे फुटतात आणि खुंटावर केलेला सगळा खर्च पाण्यात जातो.

तारबांधणी यांचे उत्तर:

अमर्यादित वाढीच्या वाणाच्या सल्ल्याबाबत माझे मत वरील दोघांपेक्षा रोखठोक आहे: मजुरांची खात्री नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. हा वाण महिनोन्‌महिने तोडे देत राहतो, त्यामुळे एकूण उत्पन्नाचा आकडा मोठा दिसतो. पण बगलेतील फुटवे काढणे, शेंडा सुतळीला गुंडाळणे आणि खालची पाने काढणे ही कामे दर आठवड्याला ठरल्या दिवशीच व्हावी लागतात. दोन आठवडे काम लांबले की झाडांची जाळी होते, हवा खेळत नाही आणि करपा शिरतो. मर्यादित वाढीच्या वाणाची फळे थोड्या आठवड्यांत एकवटून येतात. बांधणी कमी लागते आणि शेत पुढच्या पिकासाठी लवकर मोकळे होते. आपला खरेदीदार हंगामभर थोडा-थोडा माल मागतो की ठरावीक काळात गाडी भरून मागतो, हे विचारले तर अर्धा निर्णय तिथेच होतो.

आणखी एक सुचवतो. पाण्याची क्षारता तपासल्याशिवाय कोणत्याही वाणाला नावे ठेवू नयेत. मुळांजवळच्या मातीच्या संपृक्त अर्काची (माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या द्रावाची) विद्युत वाहकता, म्हणजे क्षारतेचे माप, २.५ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की टोमॅटोचे उत्पन्न घटू लागते आणि पुढच्या प्रत्येक एककामागे सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते. लांबट फळांच्या वाणांत फळाच्या टोकाची कूजही अशा वेळी वाढते. त्यावर कॅल्शियमच्या फवारण्या करीत बसण्यापेक्षा ठिबकाच्या पाळ्या नियमित ठेवणे आणि अमोनियमयुक्त नत्र आवरते घेणे अधिक उपयोगी पडते.

शिवारफेरी:

सर्वांचे आभार. पाण्याच्या पेल्यातील चाचणी केली. दुधाळ धागे आले नाहीत आणि वाहिन्याही स्वच्छ आहेत, म्हणजे सूत्रकृमींचाच प्रश्न दिसतो. खरेदीदाराला माल ठरावीक काळातच हवा असल्यामुळे मर्यादित वाढीचाच वाण ठेवणार आहे. उष्णतेत फळ धरणारे दोन वाण मनात आहेत. त्यांची चाचणी चार एकरांत कशी बसवावी?

नांगरट:

बहुतांश क्षेत्र जुन्या वाणाखालीच राहू द्या आणि चाचणीसाठी एका कडेचा कोपरा न निवडता शेताच्या मधल्या भागातील ओळी घ्या. तिन्ही वाणांच्या पट्ट्या किमान तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या क्रमाने येतील अशा लावा. नाहीतर उताराचा किंवा ठिबकाच्या दाबाचा फरक वाणाच्या खात्यावर जमा होतो. रोपे एकाच दिवशी, एकाच रोपवाटिकेतील असावीत. पेपरचा रंग तपासायचा असल्यास प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग काळ्या आणि अर्धा चंदेरी पेपरवर ठेवा, म्हणजे कोणता वाण कोणत्या आच्छादनावर खुलतो हेही कळेल. कडेच्या ओळींचे वजन धरू नका. प्रत्येक तोड्याला विक्रीयोग्य आणि टाकाऊ माल वेगळा तोला, कारण खरेदीदार पहिल्याचेच पैसे देतो. प्रत्येक वाणाचा एक क्रेट वाहतुकीला लागतात तितके दिवस सावलीत ठेवून फळे दाबून पाहा. हंगाम संपल्यावर प्रत्येक पट्टीतील काही झाडे मुळांसह हलकेच खणून काढा, मुळे धुवा आणि गाठींचे प्रमाण पेपरच्या रंगानुसार वेगळे लिहून ठेवा.