प्रति: गिअर पडत नाही, क्लच प्लेट बदलावी का?
पहिला गिअर पडत नाही म्हणजे प्लेट संपली, हा वरच्या प्रतिसादातील निष्कर्ष घाईचा वाटतो. प्लेट झिजली की क्लच घसरतो. म्हणजे ठाण्यातल्या गायमुखच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यास इंजिनाचे फेरे वाढतात, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. याउलट इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडत असतील आणि चालू केल्यावरच अडत असतील, तर पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही (इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळे होत नाही) असे समजावे, आणि हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचच्या गाडीत आधी मास्टर सिलिंडर (पेडलजवळचा, ऑइल ढकलणारा) व स्लेव्ह सिलिंडर (गिअरबॉक्सकडचा, त्या दाबाने क्लच सोडवणारा) तपासावेत.

घोडबंदर रस्त्यावरच्या संध्याकाळच्या कोंडीत माझ्या गाडीचे क्लच पेडल खाली बसू लागले होते आणि गिअर अडत होते; दोन-तीनदा पंप केले की गिअर पडत असे. गॅरेजमध्ये थेट गिअरबॉक्स उतरवण्याची भाषा सुरू झाली (ती नेहमीच लवकर सुरू होते), परंतु पेडलच्या वर, जिथे दांडा मास्टर सिलिंडरमध्ये शिरतो, तिथले रबरी आवरण बाजूला सारताच बोटाला ऑइल लागले. सिलिंडर बदलून लाइनमधली हवा काढली आणि जुनी प्लेट तशीच राहिली. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांचे ऑइल एकाच डबीतून जाते, त्यामुळे ब्रेकची गळती नसतानाही पातळी उतरत असेल, तर संशय क्लचकडे वळवावा. मात्र स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या (इंजिन व गिअरबॉक्समधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) आत असेल आणि तोच गळत असेल, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. तेव्हा झिजत आलेली प्लेटही त्याच मजुरीत बदलून घेणे परवडते.