मदत हवी आहे: उणे ३० ला धुराड्यातून काळं पाणी ठिबकतंय

कॅनडाच्या युकॉनमधलं खेडं, लाकडाचा स्टोव्ह. ६ इंची इन्सुलेटेड धुराडं भिंतीतून बाहेर काढून वर नेलंय. पारा उणे ३० खाली गेला की बाहेरच्या टी-जोडातून (आडवं धुराडं वर वळतं तिथून) डांबरासारखं पाणी ठिबकतं, टोपीच्या जाळीवर काजळी गोठते आणि स्टोव्हचं दार उघडलं की धूर घरात.

लाकूड स्प्रूसचं (सूचिपर्णी झाड), ताज्या फोडीवर ओलावा १८ टक्के, म्हणजे दोष लाकडाचा नसावा. ब्रश फिरवून झाला, स्टोव्हच्या दाराची फट बंद करणारी दोरीही नवी. दिवसा स्टोव्हची हवा पूर्ण उघडी असते, रात्री कमी करावीच लागते, नाहीतर पहाटे निखारे उरत नाहीत. छतातून धुराडं काढणं या हिवाळ्यात अशक्य.

धुराड्याभोवती २ इंच मोकळी जागा सोडून बाहेरून इन्सुलेटेड पेटी बांधली, तर एवढ्या थंडीत ठिबक थांबते का? की रात्री झोपण्याआधी जोरात जाळ करणं हाच उपाय, आणि तो किती वेळ?