एलीच्या रागावरून
‘द लायन विमेन ऑफ तेहरान’ या कादंबरीतली एली आपल्या मैत्रिणीबद्दल, होमाबद्दल, नको ते बोलून जाते, म्हणून तिचा राग आला म्हणालात. मलाही आला. पण कादंबरीतला काळ बघा ना. १९५७ साली इराणचा राजा शहा याची सावाक ही गुप्त पोलीस यंत्रणा उभी राहिली. त्यानंतर मैत्रिणीबद्दल सहज तोंडातून गेलेलं वाक्यही तिला तुरुंगात धाडायला पुरेसं होतं. म्हणून होमाच्या घरचं ते दगडी स्वयंपाकघर इतकं लक्षात राहतं, तिथे दोघी पोरी मनातलं बोलतात. बायकांना १९६३ला मताधिकार मिळाला, १९६७ला कुटुंब संरक्षण कायदा आला. १९७९च्या क्रांतीनंतर तो कायदा मोडीत निघाला. जाता जाता, नावातल्या ‘लायन विमेन’साठी फारसी शब्द ‘शीर-झन’, म्हणजे सिंहासारखी शूर बाई; ‘झन’ म्हणजे बाई. आपला ‘जनाना’ त्याच ‘झन’मधून आलाय! शेवट मात्र मला घाईत उरकल्यासारखा वाटला.