लीड जनरेशन बाहेर द्यायचंय, तिघांचे तीन तऱ्हेचे दर, तुलना करायची कशी?

मंडळी, जरा मदत हवी आहे. आमचं छोटं बीटूबी काम आहे, कंपन्यांना सॉफ्टवेअर बसवून देतो, नवीन ग्राहक शोधायला वेगळा माणूस नाही म्हणून लीड जनरेशन (ग्राहक होऊ शकतील अशी माणसं, म्हणजे लीड, शोधून देण्याचं काम) बाहेरच्या एजन्सीला द्यावं असं चाललंय. तिघांना विचारलं. एकाला दर लीडमागे पैसे हवेत, दुसऱ्याला ठरलेल्या प्रत्येक मीटिंगमागे आणि तिसऱ्याला दरमहा ठराविक फी, वर सेटअप फी वेगळी आणि किमान सहा महिन्यांचा करार. पहिल्याचा दर दिसायला सगळ्यात कमी, पण लीड म्हणजे नक्की काय विचारलं की गोलगोल उत्तर. नुसती पीडीएफ डाउनलोड करणारा पण लीड आणि बजेट मंजूर होऊन बसलेला पण लीडच, दोघांना एकच भाव कसा काय??

मी असा हिशोब मांडलाय, १०० लीडमधून ४ ग्राहक झाले तर एका ग्राहकामागे २५ लीडचे पैसे गेले, म्हणजे एका ग्राहकाकडून सुटणाऱ्या नफ्याच्या (विक्रीच्या नाही हं) पंचविसाव्या भागापेक्षा जास्त एका लीडला दिले की तोटाच. बरोबर आहे का हे? आणि त्या २५ जणांना फोन करण्यात आमचा जो वेळ जाणार तो कुठे धरायचा?

प्रतिसाद १
वेळ धरायचाच, पगाराच्या हिशोबाने. स्वस्त लीड तिथेच महाग पडतात, कारण चाळणी लावायचं काम तुमच्या गळ्यात येतं. आणि ते ४ टक्के कुठून आणले? ओळखीतून आलेल्या लोकांचे असतील तर विसरा, ज्याने तुमचं नाव पण ऐकलेलं नाही तो एवढ्या सहज ग्राहक होत नाही. निम्मे धरून बघा, तरी परवडत असेल तर पुढे जा. लीडची व्याख्या करारात लिहून घ्या, कुठल्या हुद्द्याचा माणूस, केवढी कंपनी, गरज कधीची. चुकीचा नंबर किंवा डुप्लिकेट निघाला तर बदलून देणार का आणि तीच लीड अजून चार जणांना विकणार का, हे पण.

प्रतिसाद २
मीटिंगवाल्याला विचारा की समोरचा आलाच नाही तर बिल लागणार का. बरेच जण कॅलेंडरवर वेळ ठरली की मोजतात. अजून एक, कोल्ड ईमेल (ओळख नसलेल्यांना पाठवलेले मेल) पाठवणार असतील तर तुमच्या मुख्य डोमेनवरून (ईमेल पत्त्यात @ नंतर येतं ते नाव) अजिबात नको. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून घाऊक मेलचे नियम कडक केलेत, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात, डोमेनचं नाव खराब झालं तर रोजची बिलं पण लोकांच्या स्पॅममध्ये जातील. वेगळं डोमेन, मेलबॉक्स, डेटा लिस्ट हा खर्च फीमध्ये धरलाय की वरचा ते आधी विचारा.

धागाकर्ता
धन्यवाद दोघांना. ४ टक्के ओळखीतलेच आहेत, २ ने परत मांडतो. मासिक फीवाल्याचं मात्र अडलंय, आमचा सौदा पक्का व्हायलाच पाच-सहा महिने लागतात, म्हणजे करार संपेपर्यंत निकाल कळणारच नाही. मग मधे काय बघून ठरवायचं, चालू ठेवायचं की बंद?

प्रतिसाद १
ग्राहक मोजू नका तोवर, किती जणांनी कोटेशन मागितलं ते मोजा. आणि सहा महिने एकदम बांधून घेऊ नका, तिसऱ्या महिन्यानंतर नोटीस देऊन बाहेर पडता येईल असं कलम मागा.