दगडी सूर्यघड्याळ पुण्यात चालेल का?

उन्हातली: मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे इंग्लंडला होते. जावयांनी कम्ब्रियातल्या ब्यूकॅसलला नेलं. तिथे चर्चच्या आवारात सातव्या-आठव्या शतकातला उंच दगडी क्रूस आहे. माथा तुटलाय. त्याच्या दक्षिण अंगाला, वेलबुट्टीच्या मधेच, अर्धवर्तुळात रेघा कोरल्यात आणि वर एक रिकामं भोक. त्या भोकात खुंटी असायची. ब्रिटनमधल्या सर्वांत जुन्या सूर्यघड्याळांत त्याची गणती होते. माझा पाय तिथून निघेना.

कोथरूडला परतल्यावर गच्चीत कुंडीमध्ये काठी रोवली, ओळंबा लावून. 20 जानेवारीला सगळ्यांत आखूड सावली पडली ती 12:46 ला! काय चुकलं? आणि सोसायटीच्या दक्षिणेच्या भिंतीवर असं घड्याळ कोरून घेता येईल का?

ध्रुवमत्स्य: ताई, काहीच चुकलं नाही. भारताची वेळ 82.5 रेखांशाची, पुणे 73.85 वर. अंशाला 4 मिनिटं धरली की आपला मध्यान्ह 35 मिनिटं उशिरा. त्यात जानेवारीच्या त्या दिवसांत सूर्य आणखी 11 मिनिटं मागे असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोजा, 12:18 च्या आसपास येईल.

गुण्या: भिंत मात्र नको. ब्यूकॅसल 55 अक्षांशावर, तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला. आपण साडेअठरावर. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, दक्षिणेच्या भिंतीवर भर दुपारी ऊनच नसतं. आडवी तबकडी करा. खुंटी उत्तरेकडे कललेली, जमिनीशी साडेअठरा अंशांत. 1 ची रेघ 12 च्या रेघेपासून जेमतेम 5 अंशांवर येते, 5 ची थेट 50 वर. दुपारच्या रेघा फार दाटतात, दगड मोठा घ्या.

जुनीपुराणी: इंग्लंडला पुन्हा गेलात तर यॉर्कशरमधलं किर्कडेलचं चर्च चुकवू नका. दारावरचं सूर्यघड्याळ 1055 ते 1065 च्या दरम्यानचं. ऑर्म नावाच्या माणसाने पडकं चर्च विकत घेऊन पायापासून नवं बांधलं, हे त्याच दगडावर कोरलंय. तेव्हा तिथे दिवस-रात्रीचे आठ भाग करत, आपल्या आठ प्रहरांसारखेच.

उन्हातली: आठ प्रहर! अंगावर काटा आला. आमच्याकडे पाट्याला टाकी लावायला येणाऱ्या दादांना विचारलं. काळ्या दगडात बारीक रेघ उन्हात दिसणार नाही म्हणाले, पाव इंच खोल घेऊ. भाचा म्हणतो, 35 मिनिटं आधीच धरून आकडे कोर. नाही कोरणार. सूर्य माथ्यावरून जाईल तेव्हाच 12. रविवारी दगड बघायला जातेय.