रोह्यांपासून (नीलगायींपासून) तूर-हरभरा कसा वाचवावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात जंगलाला लागून आमचं पाच एकर वावर आहे. तूर फुलोऱ्यात आलीय, हरभरा वीतभर झालाय, अन् रात्री आठ-दहा रोह्यांचा कळप उतरतो. खातात त्यापेक्षा तुडवतात जास्त. धुऱ्यावर (बांधावर) एकाच जागी लेंड्यांचा ढीग साचतोय, म्हणजे त्यांनी मुक्कामच धरलाय. मागून चितळंही येतात, पण ती निदान हाकलली की पळतात.

जुन्या साड्या बांधल्या, आठवडाभर बुजले. मग साडीखालूनच आत! फटाक्यांचंही तेच. बाबा सत्तरीचे, त्यांना मचाणावर जागलीला पाठवणं आता पटत नाही.

मागच्या वर्षी नुकसानीचा अर्ज द्यायला उशीर झाला, तीन दिवसांची मुदत हुकली. यंदा फोटो काढून ठेवलेत.

आता विचार सौर कुंपणाचा आहे, म्हणजे सौरऊर्जेवर हलका झटका देणाऱ्या तारांचा. वनविभागाच्या जन-वन विकास योजनेतून कोणी घेतलंय का? रोही उंच जनावर, उडीही मारतं. तारा किती ओळी अन् किती उंचीवर लावल्या? खालचं गवत तारेला लागून झटका कमी होतो म्हणतात, त्याचं काय करता? बॅटरी किती वर्षं टिकली?

थेट लाइनचा करंट सोडायचा सल्ला कृपया कोणी देऊ नका. गुन्हा तर आहेच, माणसंही मरतात.

अंदमानात चितळ इंग्रजांनी नेऊन सोडलं, तिथं ते उपरं. आपल्याकडं ही जनावरं इथलीच, त्यामुळं मारायचं नाही, फक्त वावराबाहेर ठेवायचंय. ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनीच सांगा.